जगाचं कल्याण

लागोपाठ तिसऱ्या रविवारी अनिकेत चेन्नईच्या आवडी उपनगरात शरण्याच्या घरी निघाला, तेव्हा तिनं फोनवर बजावलं होतं, की आज पुन्हा नुसती अमेरिका बोलून परत जाणार असशील, तर मग माझ्या अप्पांशीच लग्न कर.

पोरीचं काही चुकत नव्हतं. अनिकेत मूळचा साताऱ्याचा, चेन्नईतल्याच गिंडीच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात इंजिनिअर. शरण्या तिथेच डिझाइनला. तिचे वडील गिरिधरराव तंजावरकडचे मराठी. घरात तीनशे वर्षांपूर्वीची मराठी, वरून तमिळची फोडणी. माणूस सोन्यासारखा, पण पाहुण्यानं चपला काढल्या, की पहिला प्रश्न ठरलेला: अमेरिका जगाला सावरते की बुडवते? पाहुणा जे म्हणेल, त्याच्या उलट बाजू ते घेणार. होयबांचा तर त्यांना भारी राग. पहिल्या रविवारी अनिकेत ‘बुडवते’ म्हणाला आणि हरला. दुसऱ्या रविवारी ‘सावरते’ म्हणाला, तरी हरला. लग्नाचं बोलणं दोन्ही वेळा पोटातच राहिलं, वर चार चार बज्ज्या.

आज त्यानं गाडीत बसून पाच शब्द घोकले होते. काका, मला शरण्याशी लग्न करायचंय.

दारातच गिरिधररावांनी त्याला धरलं. अमेरिकेनं न बोलावता दुसऱ्याच्या भांडणात शिरायचं आणि मग तिथेच पथारी पसरायची, हा कसला शेजारधर्म, असा त्यांचा आजचा सवाल होता. अनिकेतला गप्प बसवेना. समुद्रावर त्यांच्या नौदलाचा पहारा असतो, म्हणून आमचे व्हॉल्व्ह सुखरूप पोचतात, असं तो म्हणाला. आणि त्याच अमेरिकेनं आयातशुल्क वाढवलं, तेव्हा आमच्या दोन पाळ्यांची एक झाली, हेही त्यानं कबूल केलं. गिरिधरराव पहिल्यांदाच मध्ये न बोलता ऐकत होते. अनिकेतला चेव चढला आणि पाच शब्द कुठल्या कुठे गेले.

“माझं म्हणणं एवढंच,” तो मोठ्यानं म्हणाला, “कल्याण झालं पाहिजे. कुणाच्या का हातून होईना.”

स्वयंपाकघरातून शरण्याची आई विद्यालक्ष्मी झारा घेऊनच बाहेर आली. तीन रविवार ती याच शब्दाची वाट पाहत होती.

“कल्याण कधी?” तिनं विचारलं.

चला, काकूही वादात उतरल्या, असं अनिकेतला वाटलं. “लगेच नाही व्हायचं, काकू. वीस-पंचवीस वर्षं तरी लागतील.”

“येवढं थांबायचं कशास?”

“आधी दोन्हीकडची सैन्यं मागं घ्यायला हवीत ना.”

विद्यालक्ष्मीचा चेहरा पडला. “आमच्याकडून दोनशे माणूस येणार. त्यास सैन्य म्हणतां तुमी?”

शरण्या हसता हसता सोफ्यावरून खाली घसरली. आमच्याकडे कल्याण म्हणजे लग्न रे, असं तिनं कसंबसं सांगितलं. दोन वर्षं हा गृहस्थ रोज एका कल्याणमंडपासमोरून कामाला जात होता. पण ऐन वेळी अक्कल चरायला गेली. त्याचे कान लाल झाले.

गिरिधरराव मात्र हसले नाहीत. “जगाचं राहूं द्या,” ते म्हणाले. “तुमचं काय म्हणणं, ते बोला.”

“काका, मला शरण्याशी लग्न करायचंय.”

आता शरण्याचंही हसू थांबलं. या घरात कुणी काही म्हटलं, की गिरिधररावांनी उलट बाजू घ्यायची, हा नियम होता, आणि तो आजवर त्यांनी मोडलेला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. लेकीकडे बघितलं.

“उलट बाजूस बोलायला,” गिरिधरराव सावकाश म्हणाले, “मजकडे एकही मुद्दा नाही. हरलों मी.”

अनिकेत आधी विद्यालक्ष्मीच्याच पाया पडला, कारण तिच्या हातात अजून झारा होता आणि डोळ्यांत पाणी. तिनं आत जाऊन केसरी शिऱ्याची वाटी आणली आणि पहिला घास नवऱ्याला भरवला, हरल्याबद्दल.