गायक पाहिजेत, जाहिरात फुकट

कुम बेदू गावातला पुरुषांचा गायकवृंद देलिथ गेली कित्येक वर्षं सांभाळत होती. सांभाळत होती म्हणजे रागावत होती. गाणाऱ्यांना तिचा धाक वाटायचा आणि तिच्यावाचून करमायचंही नाही. पण वरच्या पट्टीत गाणारे, म्हणजे टेनर, एकेक करून थकले, गेले, आणि त्या रांगेत आता एकटे हेविन उरले होते, तेही ऐंशीच्या पुढचे. उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या जोडीला एक तरी टेनर मिळाला नाही तर वृंद बंद करायचा, असं देलिथनेच बैठकीत जाहीर केलं होतं. केलं खरं, पण त्या दिवसापासून तिला घास गोड लागत नव्हता.

कार्डिफला राहणाऱ्या तिच्या मुलीने, लौरीने, तोडगा काढला. तालमीचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचे. लोक बघतील, कोणीतरी येईल. टाकले. बघणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातही निम्म्या वेळा लौरीच. पैसे देऊन जाहिरात करण्याची ऐपत नव्हती, म्हणून लौरीने फोनवर फुकटातले उपाय सांगितले. मथळा ठसठशीत हवा, व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकायला हवा, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाने आपापल्या फोनवर बघून तो आणखी चौघांना पाठवायला हवा.

हे गावाला सांगायचं काम हेविननी हौसेने अंगावर घेतलं. रविवारी चॅपेलमधली प्रार्थना संपल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, देलिथचा व्हिडिओ सगळ्यांनी बघायचाय, गुरुवारी संध्याकाळी, मागच्या हॉलमध्ये, येताना काहीतरी खायला आणा. एकेकट्याने बघायची गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरलीच नव्हती. या गावात माणसाला एकट्याने धड आजारीसुद्धा पडू देत नाहीत.

गुरुवारी हॉल गच्च भरला. टेबलावर मनुका घातलेल्या बाराब्रिथ केकच्या लाद्या, लोणी, चहाच्या मोठाल्या किटल्या. लौरी मुद्दाम आली होती. भिंतीवरचा एकुलता एक पडदा पाहून तिने आईला कोपऱ्यात ओढलं.

"आई, अख्खं गाव एका पडद्यावर बघणार. याचे किती प्रेक्षक धरले जातील, ठाऊक आहे? एक."

देलिथने हेविनकडे पाहिलं. ते केक कापत होते आणि येईल त्याला सांगत होते की हे सगळे प्रेक्षक मी जमवले. अशा वेळी देलिथची जीभ आवरत नसे. आज आवरली.

"त्यांना सांगू नकोस," ती म्हणाली. "चालू कर."

शेवटच्या बाकावर ग्विन्दाव बसला होता, दुधाचा टँकर चालवणारा. बायकोने, नेरिसने, त्याला जवळजवळ ओढूनच आणलं होतं. तो आणि त्याचा धाकटा भाऊ एल्वेद टेनरच्या रांगेत खांद्याला खांदा लावून गात असत. एल्वेद वारला आणि ग्विन्दावने तालमीकडे पाठ फिरवली. देलिथ त्याच्या दारी जाऊन आली होती. त्याने चहा पाजला, केक दिला, आणि नाही म्हटलं.

व्हिडिओ सुरू झाला. जुनंच भजन, सगळ्यांच्या ओठांवरचं. दुसऱ्या कडव्यात टेनरचा सूर वर चढतो, तिथे हेविनचा एकट्याचा आवाज चढला आणि कापायला लागला. देलिथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे बघून कोण येणार होतं?

पण भजनात सूर अपुरे पडलेले ऐकून गप्प बसणं या लोकांच्या रक्तातच नाही. लहानपणापासून प्रत्येकाला आपापला सूर पाठ. आधी नेरिसने सूर धरला, मग खाटकाने खालचा, मग सगळा हॉलच गायला लागला. वरचा सूर तेवढा हेविनच्या भरवशावर लटकत होता. आणि मग मागच्या बाकावरून तोच सूर आला, भरीव, थोडा घाईचा. कोणीही मागे वळून पाहिलं नाही. एवढी समज गावाला होती. हेविननी मात्र केकची सुरी खाली ठेवली आणि डोळे पुसले.

व्हिडिओ संपला तरी लोक थांबेनात. शेवटचं कडवं त्यांनी आणखी एकदा म्हटलं. ग्विन्दाव कोट घेऊन दाराकडे निघाला तेव्हा देलिथ त्याच्या मागे गेली. काहीतरी प्रेमाचं बोलायचं होतं, पण तसं बोलली असती तर रडली असती.

"दुसऱ्या कडव्यात घाई केलीस," ती म्हणाली.

"एल्वेद मला धरून ठेवायचा. कोपराने ढोसून." त्याने टोपी हातात फिरवली. "त्याच्या जागी कोण उभं राहतं आता?"

"कोणी नाही. मी राहू दिलेलं नाही."

ग्विन्दावने टोपी डोक्यावर नीट बसवली.

"मंगळवारी तालमीला येतो. माझ्या जागी उभा राहीन. त्याची तशीच असू दे."