चौथ्या ओळीचा फळा

भंगाराच्या पत्र्यांना पाठ लावून उभा असलेला, एक कोपरा मोडलेला जुना फळा म्हणजे मी. मित्रांनो, माझा जन्म शाळेसाठी झाला नाही. भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत उरलेल्या प्लायवूडला पेंटशॉपमधला उरलेला काळा रंग फासला आणि मला कँटीनमध्ये टांगलं. जिथे पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात, तिथे फळ्याला कोण विचारणार? पण माझ्यापुढे रोज ताटं घेऊन रांग लागायची आणि रांगेतला प्रत्येक जण मला वाचायचा.

वरच्या अर्ध्या भागावर कँटीनच्या कुसुमताई भाजी कोणती ते लिहीत. खालचा अर्धा भाग आबाजींचा. आबाजी लातूरकडचे, साचे बनवणाऱ्या टूलरूममधले जुने कामगार. ते रोज वात्रटिकेच्या तीन ओळी लिहायचे आणि चौथी मोकळी सोडायचे. जेवता जेवता ज्याला सुचेल त्यानं ती पुरी करायची, असा रिवाजच होता.

तीन ओळी म्हणजे काही पोरखेळ नव्हता. आबाजी ताटाच्या काठावर बोटांनी ठेका धरत, एखादा शब्द लंगडला की पुसून टाकत. त्यांचा एक नियम होता. "ज्याच्यावर लिव्हलं, त्याला त्या दिवशी जेवण गेलं पाहिजे," ते म्हणत. गाडी पुसत बसणारा ड्रायव्हर असो की पाणीदार आमटीच्या कुसुमताई, ज्याची थट्टा व्हायची तोच सगळ्यात मोठ्यानं हसायचा. मला त्या दिवसांचा फार अभिमान वाटे.

मग पत्रा दाबणाऱ्या प्रेस यंत्रांचं प्रकरण आलं. हात दिसला की प्रेस जागच्या जागी थांबवणारा एक सेन्सर असतो. पण यंत्र सारखं थांबलं की नग कमी निघतात, म्हणून वरून हुकूम आला आणि प्रत्येक प्रेसच्या सेन्सरवर काळी पट्टी चिकटली. उघड बोलायची कुणाची छाती नव्हती. आबाजींनी माझ्यावर लिहिलं:

सेन्सरच्या डोळ्यावरती पट्टी बांधली छान,
प्रेस म्हणते, 'आंधळी मी, तुम्ही ठेवा भान!'
नगांचा तो आकडा बघा, चढला कसा वर,

अशाच एका प्रेसवर काम करणारा प्रीतम भोसरी गावातलाच, मोठा हजरजबाबी. त्यानं खडू उचलला आणि लिहून टाकलं: 'जेवायला एक हात पुरे, दुसरा खिशात धर!' सगळं कँटीन खो खो हसलं. हसून झालं, ताटं धुतली आणि सगळे परत आपापल्या त्याच प्रेसवर गेले.

त्याच आठवड्यात प्रीतमच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

आबाजींनी ओल्या फडक्यानं माझा खालचा भाग पुसला तो पुसलाच. त्यानंतर माझ्यावर फक्त भाजी उरली. शेजारी सुरक्षेची चकचकीत इंग्रजी पाटी लागली. ती वाचायला मान वर करणारा एकही माणूस मी पाहिला नाही.

जखम भरल्यावर प्रीतमला स्टोअरमध्ये घेतलं. पहिल्याच दिवशी तो डाव्या हातात ताट धरून आबाजींपुढे उभा राहिला.

"आबाजी, पट्टी अजून तशीच हाय. माझ्या जागी आता सायली उभी ऱ्हाती."

"मी नाही लिव्हणार," आबाजी म्हणाले. "मी थट्टा केली, लोक हसले अन् गप बसले. तुझा हात त्याच्यातच गेला, लेकरा."

"हसलो म्हणून तर त्या ओळी पाठ हायत! त्या पाटीवरचं कुणाला येतं का, सांगा."

आबाजींनी खडू उचलला नाही. मग प्रीतमनंच डाव्या हातात खडू धरून आबाजींच्या त्याच तीन ओळी लिहायला घेतल्या. बालवाडीतल्या पोरासारखी वाकडीतिकडी अक्षरं. माझ्या अंगावर खडू दोनदा मोडला. रांगेतले लोक त्याच्यामागे त्या तीन ओळी म्हणू लागले, एकालाही शब्द चुकला नाही. चौथी ओळ मात्र त्यानं बदलली:

पट्टी आधी काढ, भावा, मगच सुरू कर.

कुणी हसलं नाही. त्या दिवशी कुणालाच जेवण गेलं नाही. आबाजींचा नियम पहिल्यांदा मोडला. सायली भरलं ताट तसंच ठेवून उठली, कँटीनच्या दारातून मला दिसणाऱ्या तिच्या प्रेसपाशी गेली आणि नखानं पट्टी खरवडू लागली. बाकीचेही पट्ट्या काढायला आपापल्या प्रेसकडे निघाले. आबाजी माझ्यासमोर उभे राहून रडत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला उतरवलं. माझ्या जागी आता टीव्ही आहे म्हणतात. मला पुसायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे ती वाकडी ओळ अजून माझ्या अंगावर आहे. पावसात भिजेपर्यंत राहील.

मित्रांनो, कुणी चार ओळींत हसवलं तर पोटभर हसा, पण हसू ओसरल्यावर त्याच ओळी एकदा परत वाचा. सायलीच्या प्रेसवर पट्टी परत चिकटली का, ते मला इथून दिसत नाही. तुमच्यापैकी कुणी आत गेलंच, तर तेवढं बघून या.