नोनोने पाठवलेले बूट

टक्, टक्. नव्या बुटांची टाच फरशीवर वाजली आणि पत्र लिहीत बसलेल्या इस्मिनीच्या हातून वाक्य निसटलं.

"दनाई, काढ ते. ईस्टरला घालायचेत."

"मी त्यांना चालायला शिकवतेय."

बूट आणि हातभर लांब मेणबत्ती सकाळीच आली होती, दरवर्षीसारखी, दनाईच्या धर्मपित्याकडून. पोर त्यांना नोनो म्हणे. इस्मिनीचे ते प्राध्यापक व्रेत्तोस. माणूस चांगला कशाने ठरतो, एका कृतीने की सवयीने, यावर तिने बारा वर्षं खपून पुस्तक लिहिलं ते त्यांच्याच हाताखाली. आणि विद्यापीठाच्या नेमणूक समितीचा अहवाल लिहिणारेही तेच.

यंदा तिने प्राचीन तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्ज केला, तर त्यांनी लिहिलं होतं: काम मुख्यतः आधुनिक नीतिशास्त्राचं, सबब अपात्र. गेल्या वर्षी नीतिशास्त्राच्या जागेसाठी लिहिलं होतं: काम मुख्यतः प्राचीन, सबब अपात्र. पुस्तक तेच. खालची सहीसुद्धा तीच, वळणदार. हरकत घ्यायची मुदत आज दुपारी बारापर्यंत होती. पावणेबारा झाले होते आणि तिच्या पत्राचा चौथा मसुदाही रडका वाटत होता.

"दोन्ही अहवाल शेजारी शेजारी लाव आणि पाठवून दे," तिचा नवरा लांब्रोस मसूर ढवळता ढवळता स्वयंपाकघरातून म्हणाला.

"आणि ईस्टरला त्यांच्यासमोर कोकरू कुठल्या तोंडाने खाऊ?"

"ते खातील त्याच तोंडाने."

"तुला काय जातंय बोलायला."

तेवढ्यात फोन वाजला. व्रेत्तोसच.

"बसले का बूट आमच्या पोरीला?"

"अगदी मापाचे आहेत, सर."

"छान. आणि ते अहवालाचं मनाला लावून घेऊ नकोस. जागा काय, पुढच्या वर्षीही निघेल. आपण घरचेच आहोत."

पुढच्या वर्षी आपण कुठल्या विषयात बसणार नाही, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण दनाईने फोन ओढून घेतला, "थँक्यू नोनो" म्हणाली आणि बुटांचा रंग त्यांना दोनदा सांगितला.

इस्मिनीने चारही मसुदे पुसून टाकले. दोन अहवाल जोडले, खाली फक्त नाव घातलं आणि बाराला चार मिनिटं असताना पाठवलं. मग फरशीवर बसून लेकीचा पाय मांडीवर घेतला. बक्कल सोडवून बूट काढला. टाचेशी आत्ताच लाल झालं होतं. त्यावर तिने हळूच फुंकर घातली.

"आई," दनाईने विचारलं, "नोनो चांगला माणूस आहे ना?"