निर्णायक वाचक

डॉक्टरांनी छातीची एक्स-रे फिल्म व्ह्यू-बॉक्सच्या चिमट्यात सरकवली, मागचा दिवा लावला आणि खुर्ची न ओढता उभ्यानेच वाचायला सुरुवात केली.

“उजवं फुप्फुस, वरचा भाग. पोकळी आहे. भिंत जाड, आत हवा. यात वाद घालण्यासारखं काय आहे?”

“वाद आहे म्हणून तर तुम्हाला बोलावलं,” आकडेबाई म्हणाल्या. त्या संख्याशास्त्राच्या प्रमुख. संस्थेत सगळे त्यांना याच नावाने ओळखत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. “एका वाचनात पोकळी आहे. दुसऱ्यात नाही. शिरांच्या सावल्या एकमेकींवर आल्यात, असं म्हटलंय.”

“शिरांच्या सावल्या,” डॉक्टर म्हणाले. “वा.”

नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या रोग्याला दीड वर्ष औषधं देण्याऐवजी नवी औषधं सहाच महिने दिली तर भागेल का, याचा तपास संस्था तीन वर्षं करत होती. उत्तर ‘हो’ आलं, तर सरकार सगळ्या दवाखान्यांसाठी नवी औषधं घेणार होतं. उत्तराचा बराचसा भाग छातीच्या फिल्मवर अवलंबून होता. त्या दोघे जण वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाचत. रोग्याचं नाव नाही, कोणतं औषध दिलं तेही माहीत नाही, फिल्मवर फक्त एक क्रमांक. आता समितीला एक निर्णायक वाचक नेमायचा होता. दोघांचं जुळलं नाही की त्याचा शब्द शेवटचा.

खुर्ची एक होती आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेले हे दोघे वाचक एकमेकांचे साडू होते. थोरलीचे यजमान हे डॉक्टर, धाकटीचे ते दुसरे.

लोकांना याची गंमत वाटे. डॉक्टरांना वाटत नसे. चार वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या छातीत दुखू लागलं, तेव्हा डॉक्टरांनीच त्यांची फिल्म काढून घेतली, वाचली आणि सांगितलं, काळजीचं कारण नाही. सासरे म्हणाले, “बरं झालं. पण एकदा धाकट्या जावयांनाही दाखवू.” धाकट्यांनी शब्दन् शब्द तेच सांगितलं, आणि त्या दिवसापासून सासरे निवांत झोपू लागले. डॉक्टरांनी ही गोष्ट कुणाला बोलून दाखवली नव्हती. फक्त सासऱ्यांना काही झालं की आता डॉक्टर स्वतःच म्हणत, “धाकट्यांना विचारा.”

“पुढची,” ते म्हणाले.

आकडेबाईंनी दुसरी फिल्म दिली. इथे एका वाचनात ‘पोकळी मिटली’ होतं, दुसऱ्यात ‘लहान झाली, पण आहे’. डॉक्टरांनी भिंग काढलं, थोडं वाकले, परत सरळ झाले.

“मिटली. ज्याला ती अजून दिसतेय, त्याने चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.”

“असं लिहू का?”

“लिहा. सभ्य शब्दांत लिहा. घाईने वाचतो हा माणूस. पहिल्या नजरेत जे दिसलं त्याला चिकटून बसतो. मग कुणी कितीही समजावलं तरी ऐकायचं नाही.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “स्वभावाचा भाग असतो. घरीही तसंच असतं.”

आकडेबाईंनी वर पाहिलं आणि तिसरी फिल्म पुढे केली.

तिसऱ्या फिल्मला डॉक्टर खुर्चीत बसले. आता त्यांना रंग चढला होता. कुठलं वाचन आपलं आणि कुठलं त्याचं, हे त्यांना वासावरून कळत होतं. आपलं वाचन मोजकं, स्वच्छ. त्याचं सावध, दोन्ही डगरींवर पाय ठेवणारं. तिसऱ्या फिल्मवर ते चांगली दहा मिनिटं बोलले. शेवटी दिवा बंद करत म्हणाले, “हे दुसरं वाचन मी जन्मात केलं नसतं.”

“केलंय,” आकडेबाई म्हणाल्या.

“काय?”

“दोन्ही तुमचीच आहेत, डॉक्टर. तिन्ही फिल्मची. पहिलं वाचन मागच्या पावसाळ्यातलं, दुसरं या उन्हाळ्यातलं. काही फिल्म नवे क्रमांक घालून आम्ही पुन्हा गठ्ठ्यात टाकतो. नियोजनाच्या बैठकीत सांगितलं होतं मी.”

बैठक डॉक्टरांना आठवत होती. संचालकांच्या उजव्या हाताला धाकटे बसले होते आणि संचालक त्यांच्या कानाशी लागून हसत काही सांगत होते. तो विनोद काय असेल, याचा विचार करण्यात डॉक्टरांची ती सबंध दुपार गेली होती.

त्यांनी भिंग पुसलं. ते स्वच्छच होतं.

“किती ठिकाणी असं झालं?”

“शंभर फिल्म दोनदा दिल्या. चौदांत फरक पडला. अनुभवी डोळ्यांचंही होतं तसं, मनाला लावून घेऊ नका. पण हे आकडे समितीसमोर जातील. ज्याचा फरक कमी, तो निर्णायक वाचक.”

डॉक्टर उठले. दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले.

“आणि त्यांचं?”

“कुणाचं?”

“म्हणजे... दुसऱ्या वाचकांचं.”

“त्यांना उद्या बोलावलंय,” आकडेबाई म्हणाल्या. “आणि ते मी तुम्हाला सांगणार नाही.”

घरी गेल्यावर बायकोने विचारलं, “कशाला बोलावलं होतं?”

“काही नाही. फिल्म बघायला.”

“धाकटीचे यजमानही उद्या जाणारेत म्हणे. ती फोनवर सांगत होती, खुर्ची बहुतेक आमच्याकडे येणार.”

“आमच्याकडे म्हणजे?”

“मी नाही, ती म्हणाली तसं. अहो, माझ्याकडे असं बघू नका.”

दुसऱ्या दिवशी ते कामावर होते, पण काम झालं नाही. धाकटे साडू आकडेबाईंच्या खोलीत किती वेळ होते, हे त्यांना व्हरांड्यातून दिसत होतं. दार उघडलं तेव्हा डॉक्टर उगाचच पाण्याच्या नळाकडे वळले. त्यांनी मनातल्या मनात धाकट्यांचे आकडे मांडून पाहिले. वीस. तीस का नाही? मग त्यांना वाटलं, समजा पाच असले तर. तो विचार त्यांना अजिबात आवडला नाही, आणि तरी तो सुटेना.

रविवारी धाकटी आणि तिचे यजमान जेवायला आले. हे आधीच ठरलेलं होतं. जेवताना धाकटी एकटीच बोलत होती. धाकट्यांनी भात परत घेतला नाही, विनोद केला नाही, आणि डॉक्टरांना ‘साडूबुवा’ अशी हाकही मारली नाही. बहिणी आवराआवर करायला स्वयंपाकघरात गेल्या, तसे ते बाल्कनीत जाऊन कठड्याला टेकून उभे राहिले. डॉक्टर मागोमाग गेले.

“तब्येत बरी आहे ना?”

“तब्येतीला काय झालंय.” धाकटे खाली रस्त्याकडे बघत होते. “तुम्हाला आकडेबाईंनी बोलावलं होतं?”

डॉक्टरही खाली रस्त्याकडे बघू लागले.

“नसेल बोलावलं तर सोडा. मी सांगतो, नाहीतर बाहेरून कळेलच. मला फिल्म दाखवल्या. मला वाटलं, दुसरं वाचन तुमचं. मी नको नको ते बोललो. म्हातारपणी डोळे असेच होतात, म्हटलं. थोरलेपणाच्या जोरावर वाचतात, म्हटलं.” ते हसले, पण ते हसू लगेच विझलं. “दोन्ही माझीच होती.”

“किती?” डॉक्टरांनी विचारलं.

“शंभरात सोळा.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता. डॉक्टरांनी दोन्ही हात कठड्यावर ठेवले. आता फक्त गप्प बसायचं होतं. समितीचं पत्र येईल, खुर्ची येईल, धाकटीची फोनवरची बढाई बंद होईल. पण पत्राला महिना लागला असता, आणि धाकटे आत्ता इथे, एका हाताच्या अंतरावर उभे होते. इतकी वर्षं त्यांच्यापुढे मांडायला डॉक्टरांकडे एक वरचढ आकडासुद्धा नव्हता.

“चौदा,” ते म्हणाले.

धाकट्यांनी मान वळवली. मग त्यांचे खांदे हळूहळू खाली आले.

“तुमचंसुद्धा?”

“चौदा,” डॉक्टर पुन्हा म्हणाले, या वेळी जरा स्पष्ट.

“हे तुम्ही कुणाला सांगितलं नसेल.”

“नाही.”

“मला सांगितलंत.” धाकट्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. “तीन रात्री झोप नाही मला. वाटलं, आपल्याला वाचताच येत नाही. आपण लोकांना फसवत आलो. आणि तुम्ही इतक्या सहज... साडूबुवा, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं.”

थोरली बहीण हात पुसत दारात आली. “काय गुफ्तगू चाललंय दोघांचं?”

“काही नाही, ताई. तुमच्या यजमानांनी आज मला वाचवलं.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. असं काही तिने त्यांच्याबद्दल कुणाकडून ऐकलं नव्हतं, निदान माहेरच्या कुणाकडून. ती आत गेली, आणि थोड्या वेळाने आतून धाकटीला काहीतरी सांगत असल्याचा आवाज आला.

धाकट्यांनी बाल्कनीतल्या दोन्ही खुर्च्या एकमेकींजवळ ओढल्या. “बसा ना. तुमच्या कुठल्या फिल्म चुकल्या, सांगा. वरच्या भागातल्याच ना? माझ्याही बऱ्याचशा तिथल्याच.”

डॉक्टर बसले. धाकटे बोलू लागले, हातांनी हवेत फुप्फुसं काढून दाखवू लागले. डॉक्टर मान हलवत होते. सोळातून चौदा, एवढी साधी वजाबाकी धाकटे आता करतील, मग करतील, म्हणून ते वाट बघत राहिले. धाकट्यांनी ती केलीच नाही.