पुढे सरका, आत जागा आहे

मित्रांनो, माझे दार कित्येक वर्षे लागत नव्हते. ज्याचे दार लागत नाही त्याला कपाट म्हणावे की रस्त्यावरचे कपड्यांचे दुकान, हा प्रश्नच आहे. पण घरातली माणसे मला कपाट म्हणत आली, म्हणून मीही स्वतःला तेच म्हणतो. व्याकरणाने पाहिले तर मी 'ते कपाट'. 'मी उभे होते' असे म्हणायला हवे. पण तसे म्हटले की लोक 'कोण उभे होते?' असे विचारतात आणि गोष्ट तिथेच अडते. तेव्हा मी 'उभा होतो' असेच म्हणणार. तुमच्या बाईंना मार्क कापायचे असतील तर त्यांनी खुशाल माझे कापावेत. मला कुठे पुढच्या वर्गात जायचे आहे!

शाळेशी माझे नाते आहे ते निराळेच. एका शाळेने नवे बाक आणले तेव्हा जुने बाक एका सुताराने उचलले आणि त्यांच्या फळ्या तासून मला घडवले. समोरून त्याने छान पॉलिश केले, पण पाठीच्या आतल्या बाजूला रंधा मारायचा त्याला कंटाळा आला. त्यामुळे तिथे कोणीतरी कर्कटकाने कोरलेले 'बाई झोपल्या' हे वाक्य अजून आहे. त्या बाई केव्हाच निवृत्त झाल्या असतील. माझ्या पोटात मात्र त्यांची झोप अजून चालू आहे.

एक दांडी, तीन खण, खाली एक ड्रॉवर, आणि पुढे एक लांबलचक दार. एवढाच माझा संसार. नवराबायकोच्या एका लहानशा घरात, पलंग आणि भिंत यांच्या मधल्या बोळात मला उभे केले गेले. सुतार जाताना म्हणाला, "दोन माणसांचं कपाट आहे, वहिनी. कपडे वाढतील. लाकूड काही वाढायचं नाही."

वहिनी हसल्या. दादांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, माझ्या पाठीवर थाप मारली. ही नावे सुताराने ठेवली, मी तीच चालू ठेवली.

पहिली वर्षे माझ्या कौतुकाची होती. दार उघडले की डांबराच्या गोळ्यांचा वास येई. कपडे कवायतीला उभे असल्यासारखे ओळीत असत. पाहुणे आले की वहिनी काहीतरी निमित्त काढून मला उघडत आणि पाहुणी म्हणे, "अगंबाई, किती टापटीप!" मी फुगत असे. पुढे मी खरोखरच फुगलो, पण ते कौतुकाने नव्हे.

त्याला कारण झाले दोन शब्द : 'असू दे'.

मित्रांनो, हे दोन शब्द दिसायला फार गरीब आहेत. कोणाचे वाईट चिंतत नाहीत, कोणाला दुखवत नाहीत. पण या घरात ते एकदा राहायला आले आणि मग त्यांनी आपली सगळी नातेवाईक मंडळी बोलावून घेतली. दादांची पँट पोटावर बसेना. "असू दे, बारीक झालो की घालीन." वहिनींच्या झग्याची चेन तुटली. "असू दे, रंग छान आहे." एक मोजा हरवला. "दुसरा असू दे, पहिला सापडेल." पिशव्या ठेवायला एक पिशवी आली, आणि त्या पिशवीला ठेवायला आणखी एक पिशवी. दादांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईंना, विणकामाचा नाद. त्यांनी पाठवलेल्या स्वेटरचा एक हात दुसऱ्यापेक्षा वीतभर लांब होता. दादांनी तो घालून पाहिला, आरशात पाहिले, आणि गंभीरपणे म्हणाले, "असू दे. उद्या माझा एक हात वाढला तर?"

दार आधी गुडघ्याने लागे. मग खांद्याने. मग फटीत पुठ्ठ्याची घडी कोंबून. शेवटी एक दिवस वहिनींनी कपडे वाळत घालायची जुनी दोरी आणली आणि मला करकचून बांधून टाकले. इतकी वर्षे इमानेइतबारे नोकरी केली आणि पदरात काय पडले, तर चोरासारख्या मुसक्या!

अशा अवस्थेत मी असताना वहिनींचे वडील राहायला आले.

बाबा निवृत्त बस कंडक्टर. उभा जन्म त्यांनी "पुढे सरका, आत जागा आहे" असे ओरडण्यात घालवला होता. आता ते एकटेच राहत होते, एका उंच इमारतीत, जिथे लिफ्ट नव्हती आणि गुडघे होते. डॉक्टरांनी जिने चढायची मनाई केली, तशी वहिनी त्यांना घेऊन आल्या. सोबत एक चेनची बॅग, तेवढीच.

"बाबा, कपडे कपाटात लावते हं," वहिनी म्हणाल्या.

बाबांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या दोरीकडे पाहिले. दोरीच्या वरून बाहेर लोंबणाऱ्या त्या लांब बाहीकडे पाहिले.

"असू दे गं," ते म्हणाले. "बॅगेतच बरे आहेत."

झाले! आमच्याच घरचे शब्द आमच्यावर उलटले. बाबांची बॅग बाहेरच्या खोलीत खुर्चीखाली राहू लागली. रोज सकाळी ते आपला पायजमा काढून नीट घडी घालत, बॅगेत ठेवत आणि चेन लावत. सर्रर्र! तो आवाज आला की स्वयंपाकघरात वहिनींचा हात थांबे. आता हे उठून जाणार, असे वाटायला लावणाराच तो आवाज होता.

आणि एक दिवस तसेच झाले. ताईंचा फोन आला, नवीन स्वेटर पाठवू का म्हणून. दादा माझ्याजवळच उभे होते. ते घाबरून मोठ्याने म्हणाले, "नको, नको! आमच्याकडे मुंगी शिरायला जागा नाही!" बाहेरच्या खोलीत बाबा पेपर वाचत होते. पेपरचे पान उलटायचे थांबले. माझे दार सताड उघडे असते तरी मला बोलता येत नाही, मित्रांनो. तिथे दोरीने बांधलेला मी काय करणार?

जेवताना बाबा अगदी सहज म्हणाले, "रविवारी जाईन म्हणतो घरी."

"आणि जिने?" वहिनींनी विचारले.

"जिने काय, एकेक करून चढायचे. इतकी वर्षं चढलोच की."

बाबा का जाताहेत, ते वहिनींना कळत नव्हते. बॅगेची चेन मात्र कळत होती. शनिवारी सकाळी बाबा फिरायला बाहेर पडले तशा त्या आत आल्या आणि त्यांनी माझी दोरी सोडली.

पुढचे मला सांगवत नाही. दरड कोसळते तसे मी कोसळलो. दादा धावत आले तेव्हा वहिनी गुडघाभर कपड्यांत उभ्या होत्या.

"मला एक खण हवाय," त्या म्हणाल्या. "बाबांसाठी. आज."

पलंगावर तीन ढीग करायचे ठरले : ठेवायचे, द्यायचे आणि, मी कपाळाला हात लावणार होतो पण मला दोन्ही नाहीत, 'असू दे'.

"ही पँट द्या आता," वहिनी म्हणाल्या.

"बारीक झालो की घालीन ना."

"तुम्ही बारीक व्हाल म्हणून वाट बघून बघून तीच झिजली, अहो!"

"बरं, मग हा झगा? तुला तर होत नाही."

"मला होत नाही, त्यात रंगाचा काय दोष?"

माणूस दुसऱ्याचे कपडे देऊन टाकण्यात कर्णाचा अवतार असतो, मित्रांनो. स्वतःच्या फाटक्या बनियनला हात लागला की मात्र त्याला आठवणी दाटून येतात. ऊन चढेपर्यंत 'द्यायचे' या ढिगात एक हातरुमाल आणि तो एकटा मोजा होता. 'असू दे'चा ढीग पंख्याला हात लावायच्या बेतात होता. मग त्यांनी तोच ढीग पुन्हा माझ्यात भरायला घेतला, आणि तो मावेना. कपडे एकदा बाहेरची हवा खाऊन आले की अंगाने भरतात, हे त्यांना ठाऊक नव्हते.

वहिनी मटकन ढिगावर बसल्या. डोळ्यांना त्यांनी जे लावले ती पिशव्यांची पिशवी होती.

दारात बाबा उभे होते. हातात बॅग. उद्याचे सामान ते आजच आवरत होते.

"हे काय चाललंय?"

"तुमच्यासाठी जागा करतेय," वहिनी म्हणाल्या. "आणि होत नाहीये."

"माझ्यासाठी? अगं, कशाला त्रास! जावईबापू फोनवर म्हणालेच की, मुंगी शिरायला जागा नाही. खोटं नाही ते."

दादांचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग लाल. त्यांनी ढिगात हात घातला, तो स्वेटर ओढून काढला आणि दोन्ही बाह्या ताणून बाबांसमोर धरला.

"बाबा, मी ह्याला म्हणालो होतो! ताई ह्याचा भाऊ पाठवणार होती!"

बाबांनी एक बाही पाहिली. दुसरी पाहिली. मग ते असे हसू लागले की त्यांना खुर्चीत बसवावे लागले. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, बॅग पायाशी ठेवली आणि माझ्याकडे नजर टाकली. ती नजर वेगळी होती. भरलेल्या बसकडे मागच्या पायरीवरून पाहणाऱ्या माणसाची होती.

"तुमचा घोळ कुठे होतोय सांगू?" ते म्हणाले. "तुम्ही विचारताय, राहू द्यायचं का. असं विचारलं तर कोण उतरेल? गाडीत बसलेल्या प्रत्येकाला राहायचंच असतं! विचारायचं एकच : कुठे जायचंय? ज्याला सांगता येत नाही, त्याला खाली उतरवायचं."

त्यांनी पँट उचलली. "कुठे जायचंय?"

"बारीक झाल्यावर..." दादांनी सुरुवात केली.

"तो स्टॉप आपल्या मार्गावर नाही. उतरा."

पँट उतरली. पिशव्या उतरल्या. बनियनला तर त्यांनी काही विचारलेच नाही, हात धरून खाली पोचवले. लांब बाहीच्या स्वेटरची पाळी आली तेव्हा दादा आशेने पुढे झाले, पण वहिनी म्हणाल्या, "ताई आल्या की घालावा लागतो हो."

"मग त्याला ठाऊक आहे कुठे जायचं ते. बसू द्या. हात खिडकीबाहेर काढायचा नाही म्हणावं."

मग त्यांच्या हातात वहिनींचा झगा आला. "कुठे जायचंय?"

वहिनींनी झग्याची बाही हातात घेतली. "कुठेच नाही, बाबा. आईनं शिवलाय तो."

बाबांनी झग्याची तुटलेली चेन बोटाने वर ओढून पाहिली. ती अर्ध्यात अडकली. मग त्यांनी अगदी सावकाश त्याची घडी घातली.

"ह्याला पास आहे," ते म्हणाले. "हा असू दे."

मित्रांनो, त्या घरात ते शब्द मी लाखदा ऐकले असतील. खऱ्या अर्थाने ते एकदाच उच्चारले गेले, आणि मी ते माझ्या सगळ्यात वरच्या खणात जपून ठेवले आहेत.

पुढे सगळे भराभर झाले. "लवकर उतरणारे दाराशी, लांबचे मागे," असे बाबांनी सांगितले, म्हणून रोजचे सदरे हाताशी आले आणि थंडीचे कोट पार मागे, झोपलेल्या बाईंच्या शेजारी गेले. उभ्याने जाणारे दांडीला, बसून जाणारे खणात. मध्ये कोणी रेंगाळायचे नाही. दादा एकेक हँगर सरकवत "पुढे सरका, पुढे सरका" असे म्हणत होते, आणि बाबा "अहो, जरा दमात घ्या, लोक आपलेच आहेत" असे दटावत होते.

आणि मग माझा मधला खण रिकामा झाला. अख्खाच्या अख्खा. त्याची फळी मी स्वतःच विसरलो होतो. तिच्यावर शाईचा एक जुना डाग आहे, कोण्या मुलाच्या दौतीचा.

तिघेही त्या खणाकडे पाहत उभे राहिले. बाबांनी बॅग उचलली आणि या हातातून त्या हातात घेतली. निघायचे ठरवलेल्या माणसाला थांबतो म्हणणे फार जड जाते. वहिनींनी वाट पाहिली. मग त्या पुढे आल्या, कमरेवर हात ठेवला आणि थेट बापासारख्या आवाजात म्हणाल्या,

"बोला, कुठे जायचंय?"

बाबांनी बॅगेकडे पाहिले, खणाकडे पाहिले, लेकीकडे पाहिले.

"इथंच," ते म्हणाले. "इथंच उतरतो."

सर्रर्र. त्या दिवशी चेन उघडली. चार सदरे, पायजमे, एक मफलर, आणि खाकी गणवेशाची एक टोपी. एवढ्यानेच माझा खण भरला. काठोकाठ नाही, बेताने. दादांनी दार लोटले. टक्! न गुडघा, न खांदा. इतक्या वर्षांनी स्वतःचा तो आवाज ऐकून मीच दचकलो.

उतरलेले कपडे गल्लीच्या टोकाला जुने कपडे दुरुस्त करून गरजूंना देणारे एक दुकान आहे, तिथे गेले. ते गेले कशातून, तर बाबांच्याच बॅगेतून. बॅग परत आणू का, असे दादांनी विचारले तेव्हा मी श्वास रोखला होता. बाबा म्हणाले, "कशाला? मला कुठे जायचंय!" पुढे एकदा ती पँट रस्त्याने जाताना दिसली म्हणे, एका सडपातळ गृहस्थांच्या अंगावर. दादा घरी येऊन मोठ्या समाधानाने म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो ना, बारीक झाल्यावर ती बसेल म्हणून!"

तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद दोरीने बांधलेला असेल, मित्रांनो. त्याला सोडवा. पण त्याला अगदी मोकळा करून टाका, असे काही मी म्हणणार नाही. रिकाम्या कपाटात फार घुमते. कपड्यांना फक्त विचारा, कुठे जायचंय. ज्यांना पास असेल त्यांना बसू द्या, बाकीच्यांना प्रेमाने उतरवा, कोणीतरी त्यांची पुढच्या स्टॉपवर वाट पाहत असते. आणि एवढे झाल्यावर एखादा खण मोकळा दिसला, तर लगेच काही आणून भरू नका. कोणाच्या हातात बॅग आहे, ते आधी पाहा.

मी आता म्हातारा झालो आहे. बिजागऱ्या कुरकुरतात, बाबांच्या गुडघ्यांसारख्या. रोज सकाळी ते माझे दार उघडतात, सदरा घेतात, दार लावतात, आणि फिरायला निघण्यापूर्वी माझ्या लाकडावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकतात. कंडक्टरने गाडी सोडायची घंटी द्यावी तसे, टण् टण्! जन्मात मी या बोळातून एक तसूभर हललेलो नाही. तरी दर सकाळी क्षणभर मला वाटते, सुटलो आता, निघालो.