म्हस हाय

हेमलताबाईंच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि नेमका तेव्हाच हातात टॅब आला. पौडच्या प्रशिक्षणात तरुण मास्तर भराभर बोटं फिरवत होते. बाई मात्र वहीत एकेक पायरी उतरवून घेत होत्या: इथे दाबा, मग तिथे दाबा, थांबा. घरी जाऊन पंधरा दिवस त्यांनी ते घोकलं. शिकायचं म्हटल्यावर त्या मागे हटणाऱ्या नव्हत्या.

ताम्हिणीच्या शाळेत रेंज नावालाही नाही. ती मिळते जवळच्या रेश्माच्या धाब्यावर. म्हणून तिसरीची चाचणी धाब्याच्या बाकावर सुरू झाली. मुलाने चित्र बघून बोलायचं, टॅबने ऐकायचं आणि हिरवी किंवा लाल खूण द्यायची. लाल आली की नाव आपोआप ‘भाषेत मागे’ या यादीत जायचं. बाकीची मुलं ‘म्हैस’, ‘तळं’ असा एकेक शब्द बोलून हिरवी झाली. शेवटी रेश्माची लेक दिशा उरली, आणि एका शब्दावर थांबणं तिला माहीतच नव्हतं.

“म्हस हाय. पान्यात बसलीया. पाठीव बगळा हाय, तिची गोचिडं खातोय. तिला लई बरं वाटतंय.”

लाल.

“दिशा, म्हैस आहे, असं म्हण,” बाई म्हणाल्या.

“म्हैस... हाय.”

पुन्हा लाल. तिसऱ्या वेळी दिशाने ओठ घट्ट मिटले आणि ती पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली.

“ऱ्हाऊ द्या, बाई,” भाकरी थापता थापता रेश्मा म्हणाली. “आता न्हाई बोलायची ती.”

“अगं, शिकेल हळूहळू.”

“मला बी तुमी आसंच म्हनायचा. हाय न्हाई, आहे म्हन. पुन्हा म्हन. समद्या पोरांम्होरं.” तिच्या आवाजात राग नव्हता. “मग मी शाळंत बोलायचंच सोडलं. चौथीनंतर शाळा बी सोडली.”

बावीस वर्षांपूर्वी याच शाळेवर असताना बाई मुलांना टोकत, ते त्यांच्या भल्यासाठीच. रेश्मा म्हणजे एक अबोल पोर, एवढंच त्यांना आठवत होतं. ती अबोल नव्हती, आपण तिला तशी केली, हे आज कळलं आणि तोंड कुठे लपवावं ते समजेना.

त्यांनी वही काढली. शेवटच्या पानावर एक पायरी होती, कधी न वापरलेली: शिक्षक पडताळणी. चष्मा पुसून त्यांनी ती उघडली. दिशाचा पहिला आवाज पुन्हा धाब्यावर उमटला. बाईंनी तो दोनदा ऐकला आणि कारणाच्या चौकटीत एका बोटाने लिहिलं, ‘मुलीने उत्तम सांगितले. ऐकणाऱ्याला तिची भाषा येत नाही.’

खूण हिरवी झाली.

“मंग हाय म्हनल्यालं चालतंय?” दिशाने विचारलं.

“चालतं.”

रेश्माने शेवटची भाकरी टोपलीत टाकली. बाई उठून तिच्याजवळ गेल्या आणि तेच चित्र तिच्यासमोर धरलं.

“रेश्मा, तू सांग. काय दिसतंय? मी ऐकते.”

रेश्माने पदराला हात पुसले. चित्राकडे ती बराच वेळ बघत राहिली. तिचे ओठ हलले.

“भाकर करपंल, बाई,” ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

तव्यावर भाकरी नव्हती.