उजवा खिसा

नागपुरात धरमपेठेत नंदाताईंनी तीस वर्षं शिवणाचं मशीन चालवलं. खिसा उलटा केला की त्यांना माणूस वाचता यायचा. किल्ल्या बाळगणाऱ्याचा खिसा टोकाला फाटतो, तंबाखूवाल्याचा शिवणीत पिवळा पडतो. लेकीकडे अमेरिकेत अल्फारेटाला सहा महिन्यांसाठी आल्या, तेव्हा आश्लेषाने त्यांना इथेही मशीन घेऊन दिलं. घरातलं उसवलेलं एकेक कापड जणू आपल्या पायांनी चालत त्यांच्यापुढे येऊन बसू लागलं.

त्या मंगळवारी जावयाची खाकी पँट आली. उजव्या खिशाचं अस्तर विरलेलं. नंदाताईंनी ते खिडकीपाशी उजेडात धरलं. ओल्या अंगणात पाऊल उमटावं तसा त्यावर चपटा, काटकोनी ठसा उमटला होता. शैलेंद्रचा मोबाइल कमरेच्या पट्ट्याला असे, पाकीट मागच्या खिशात. मग हे काय?

दारूची चपटी बाटली असेल, पहिलं तेच मनात आलं. त्यांनी खिसा नाकाशी नेला. वास लाकडाचा होता. ताज्या भुशाचा.

अस्तर बदलताना त्या सवयीने गुणगुणल्या,

सुई चाले पुढं पुढं, दोरा येतो मागं,
लेकीच्या गं संसाराचा थांग मला लागं.

पुढच्या आठवड्यात करडी पँट आली. तोच खिसा, पण ठसा आता मधोमध गोल, लिंबाएवढा फुगीर.

आणि नेत्राचं काय? चार वर्षांची ही नात रोज संध्याकाळी गराजच्या दाराशी उभी राहायची, बाबा आला की त्याच्या उजव्या खिशात कोपरापर्यंत हात घालून खाऊ काढायची. हल्ली तो तिचं मनगट वरच्या वर धरायचा. “डावा बघ पिलू, डावा.”

“बट इट्स ऑलवेज धिस वन, बाबा,” नेत्रा कुरकुरायची.

नंदाताईंनी कणीक मळता मळता लेकीला विचारलं, “शैलेंद्ररावांचं ऑफिसात बरं चाललंय ना गं?”

“का?”

“काही नाही. खिसे फाटतात.”

“खिसेच ते आई, फाटणारच. रिकामपणी डिटेक्टिव्ह झालीस की काय?”

आश्लेषा हसली. नंदाताई हसल्या नाहीत. परतीचं विमान नऊ दिवसांवर आलं होतं, आणि या परमुलखात लेक नि नात कुणाच्या भरवशावर सोडायची, हे त्यांना विमानात बसण्याआधी कळायला हवं होतं.

शनिवारी सकाळी आश्लेषा स्वयंपाकघरात होती. नंदाताई कपडे धुवायच्या खोलीत आल्या, तर गराजचं दार बोटभर उघडं. आत शैलेंद्र एकटाच उभा. हात खिशात घाली, झटकन बाहेर काढी, डाव्या हातातलं सेकंद मोजायचं घड्याळ बघी, कागदावर काहीतरी लिही. पुन्हा तेच. सात वेळा झाल्यावर नंदाताईंनी दार ढकललं.

तो दचकला. “काय हवंय, आई?”

“खिसे कुरतडणारा उंदीर शोधतेय.”

टेबलावर लाकडाचा एक चपटा तुकडा होता, दुसरा त्याच्या हातात. दोन्ही घासूनपुसून गुळगुळीत केलेले, वजन यावं म्हणून आत मासेमारीच्या गळाचं शिसं भरलेलं. एकाला नळी, मूठ. दुसऱ्याला नळी, मूठ आणि मधे गोल पोट. पिस्तुलंच ती, लाकडाची. नंदाताई तिथल्याच स्टुलावर बसल्या.

“कुणासाठी?” त्यांनी विचारलं.

शैलेंद्रने हातातला तुकडा टेबलावर ठेवला. मग म्हणाला, “मार्चमध्ये एक पिकअप ट्रक पेट्रोल पंपापासून माझ्या मागे आला. दोनदा. आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत. आतल्या माणसाने काच खाली केली आणि... जाऊ दे. पोलिसांनी लिहून घेतलं, बस. मग मी काउंटी कोर्टातून पिस्तूल बाळगायचं लायसन्स काढलं.”

“आश्लेषाला ठाऊक आहे?”

“घाबरेल ती.”

“मग हे लाकूड झालं. खरं कुठंय?”

“घेतलेलंच नाही अजून. आधी दोन्हींच्या मापाचं लाकूड आठवडा आठवडा बाळगून बघतोय. शप्पथ.”

“शप्पथ नको. कपाटं उघडा.”

त्याने उघडली. एकेक ड्रॉवर, रंगाचे डबे, गवत कापायच्या यंत्राची पिशवीसुद्धा. नंदाताईंनी प्रत्येकात हात घालून पाहिला. मग कागद ओढून घेतला. इंग्रजी त्यांना अडखळत येई, पण इंच त्यांचेच होते. चपटं पिस्तूल, जाडी पाऊण इंच, वजन साडेसहा औंस. पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर, जाडी सव्वा इंचावर, वजन पंधरा औंस.

“चपटं बरं आहे,” शैलेंद्र सांगू लागला. कुणाला तरी सांगता येतंय याचंच त्याला बरं वाटत असावं. “बाहेरून पाकिटासारखं दिसतं. पण मूठ एवढीशी, दोनच बोटं बसतात, हाताला झटका जोरात बसतो. गोल जड आहे, पँट ओढली जाते, पण चटकन हातात येतं.”

“चटकन म्हणजे किती?”

“चपट्याला एक पॉइंट नऊ सेकंद. गोल दीड सेकंदात.”

“घाला ते गोल खिशात. घड्याळ मला द्या.”

“आई, खरं असेल तेव्हा वर चामड्याची खोळ असते, ट्रिगर झाकलेला...”

“घाला म्हणते ना.”

त्याने घातलं. नंदाताईंनी घरात तोंड करून हाक दिली, “नेत्रा, बाबाने खाऊ आणलाय गं.”

अनवाणी पावलं थपथपत आली. शैलेंद्रने मनगट धरायला हात पुढे केला, तोवर तिचा हात खिशात जाऊन बाहेरही आला होता. हात आत जाताना दाबलेलं बटण नंदाताईंनी पुन्हा दाबलं. नेत्राने लाकूड दोन्ही हातांत धरलं, खाऊ आत दडलाय का म्हणून नळीचं तोंड डोळ्याशी नेलं.

“धिस इज नॉट खाऊ,” ती रुसून म्हणाली.

शैलेंद्रने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

“किती?” त्याने हळूच विचारलं.

नंदाताईंनी घड्याळ त्याच्यापुढे धरलं. एक पूर्णांक एक दशांश सेकंद.

“तुमच्या कागदात हे लिहायचं राहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “आता आत जा. आश्लेषाला सगळं सांगा, त्या पिकअपपासून. मी सांगणार नाही.”

तो गेला. स्वयंपाकघरात आश्लेषाचा आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. कुकरच्या शिट्या कुणी मोजल्या नाहीत, भात करपल्याचा वास आला. नंदाताई नातीला मांडीवर घेऊन मशीनपाशी बसून राहिल्या. तासाभराने शैलेंद्र चार पँटी घेऊन आला. डोळे लाल होते.

“घरात नाही आणायचं असं ठरलं. रस्ता बदलतो, दाराला कॅमेरा लावतो. उद्या दोघं पुन्हा पोलिसांकडे जातोय.” त्याने पँटी खाली ठेवल्या. “उजवे खिसे शिवून टाका, आई. तोंडाशीच. हात जायलाच नको.”

“आणि खाऊ?”

“डाव्यात.”

नंदाताईंनी खिसे शिवले. जावई गुणी होता, रडलाही खरा होता. पण भीती आज गेली तरी उद्या परतते, आणि पिस्तुलांची दुकानं गावात तशीच उघडी असतात. म्हणून त्यांनी बाहेरून खाकीला खाकी दोरा घेतला आणि आतून, अस्तराच्या पोटात, नागपुराहून आणलेल्या लाल रेशमाचा टाका घातला. उसवून कुणी पुन्हा शिवलंच, तर तो लाल रंग त्याला इथे मिळणार नव्हता. हे त्यांनी फक्त लेकीला दाखवलं.

नागपूरला परतल्यावर दर रविवारी फोन येई. हवापाणी, तब्येत, नेत्राची शाळा, सगळं बोलून झालं की नंदाताई आवाज जरा खाली आणून विचारायच्या, “लाल आहे ना गं?”

पलीकडे आश्लेषा पँटी उलट्या करून बघेपर्यंत त्या फोन कानाशी धरून थांबायच्या.